शुगरच्या वर्गाला कामगार का येत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगाव एमआयडीसीतला प्लॅस्टिकचा कारखाना, साडेतीनशेच्या आसपास कामगार, तीन पाळ्या. वार्षिक तपासणीत बऱ्याच जणांची शुगर वाढलेली निघाली. कंपनीने मधुमेह कसा सांभाळायचा हे शिकवणारे वर्ग सुरू केले, आहारतज्ज्ञ बोलावली, नाश्ताही ठेवला. पहिल्या वर्गाला पंचवीस-तीस जण आले, तिसऱ्याला चौघं, आणि त्यातले दोघं ऑफिसातलेच. एचआरचे साहेब विचारतात, हजेरी सक्तीची करावी की लकी ड्रॉ ठेवावा?

दोन्ही करू नका. आधी मला एवढंच सांगा, वर्ग कोणाच्या वेळेत होतो? आणि तपासणीचे रिपोर्ट कोणाच्या कपाटात आहेत?

मी मूळची नर्स. गेली एकोणीस वर्षं मधुमेह शिक्षिका म्हणून जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या कारखान्यांत जाते. डाळ मिल, चटईचे कारखाने, जिनिंग, पाइप, सगळीकडे चित्र सारखंच. बहुतेक कंपन्यांना माझी आठवण १४ नोव्हेंबरला येते. इन्सुलिन शोधणाऱ्या बॅंटिंगचा तो वाढदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिन. बॅनर लागतो, फोटो निघतो, पुढच्या नोव्हेंबरपर्यंत शांतता. तुम्ही निदान तीन वर्ग घेतलेत.

तुमचे वर्ग पाळी सुटल्यावर होत असणार, हे मी न विचारता सांगते. पहिली पाळी सुटली की माणसाला घर दिसतं. कोणी जामनेरकडून येतो, कोणी धरणगावकडून. एसटी किंवा जोडीदाराची मोटारसायकल चुकली की तासभर गेला. ज्याच्याकडे चार बिघे शेत आहे त्याला पाणी भरायचं असतं. त्याला तुम्ही सांगता, थांब, तुझ्या भल्याचं आहे. तो पहिल्या दिवशी तुमचा मान राखून थांबतो. मग थांबत नाही. यात त्याला आरोग्याची काळजी नाही असं म्हणण्यासारखं काही नाही.

वर्ग पगारी वेळेत घ्या, पाळी चालू असताना. मालक म्हणतील उत्पादन बुडतं. त्यांना हिशोब मांडून दाखवा: बारा जणांचा गट, पाऊण तास, म्हणजे नऊ मनुष्यतास. एक मशीन बंद पडून मेंटेनन्सची वाट बघण्यात यापेक्षा जास्त तास जातात आणि त्याची कोणी मीटिंग घेत नाही. बारापेक्षा मोठा गट करू नका. पंधराच्या वर माणसं गेली की मागच्या रांगेतले मोबाइल काढतात आणि ज्याला खरंच विचारायचं असतं तो गप्प बसतो.

आता रिपोर्टचं. इथे माझी स्वतःची चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका कारखान्यात तपासणी झाली आणि ज्यांची शुगर वाढलेली होती त्यांची यादी मी टाइमकीपरकडे दिली, त्यांना वर्गाला पाठवा म्हणून. त्याने ती कॅन्टीनबाहेर चिकटवली. चांगल्या हेतूनेच. आठवड्याभरात यादीतल्या एका क्रेन ऑपरेटरला जमिनीवरच्या कामाला लावलं, ओव्हरटाइम बंद झाला. त्याची शुगर गोळ्यांवर व्यवस्थित होती आणि त्याच्या गोळीने चक्कर येण्याचा धोकाही जवळपास नव्हता, पण हे कोणी विचारलंच नाही. पुढच्या वर्गाला मी आणि पंखा. ओव्हरटाइम गेला म्हणजे पोराची फी गेली, हे त्या कारखान्यात सगळ्यांना एका दिवसात कळलं होतं. त्यानंतर वर्षभर तिथे कोणी बोटाला सुई लावू दिली नाही. «माले काही तरास नही, ताई», एवढंच ऐकलं.

म्हणून आता माझी अट असते. नावानिशी रिपोर्ट कामगाराच्या हातात आणि कंपनीच्या डॉक्टरांकडे. एचआरला फक्त आकडे: किती जण तपासले, किती जणांची वाढलेली, किती जण वर्गाला येतात. आणि मालकाच्या किंवा मॅनेजरच्या तोंडून, गेट मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर एक वाक्य: शुगर आहे म्हणून कोणाचं काम, पाळी किंवा ओव्हरटाइम काढला जाणार नाही, कामाच्या जागी काही बदल लागलाच तर तो डॉक्टर त्या माणसाशी बोलून ठरवतील. हे बोलून मग मोडलंत, तर मला बोलावू नका. ज्याची शुगर अचानक उतरू शकते त्याने उंचावर किंवा उघड्या मशीनवर काम करावं का हा प्रश्न खरा आहे, पण तो माणसागणिक आणि औषधागणिक सोडवायचा असतो, यादी करून नाही.

वर्गाचं नाव बदला. «मधुमेह रुग्ण मार्गदर्शन» असं दारावर लिहिलं की आत जाणाऱ्याच्या कपाळावर शिक्का. मी «जेवण, पाळी आणि शुगर» असं काहीतरी साधं नाव ठेवते आणि वर्ग सगळ्यांना खुला करते. यात फसवणूक नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात मधुमेह असलेले १०.१ कोटी आणि काठावरचे, म्हणजे शुगर वाढलेली पण अजून मधुमेहाइतकी नाही असे, १३.६ कोटी निघाले. काठावरचे जास्त आहेत. म्हणजे तुमच्या लाइनवर ज्याला अजून काही झालेलं नाही, त्यालाही यातलं निम्मं उपयोगी पडणार आहे, आणि ज्याला आहे त्याला गर्दीत बसायला मिळतं.

मग वर्गात करायचं काय? व्याख्यान देणारी आहारतज्ज्ञ चुकीचं बोलत नसेल, पण ओट्स आणि ऑलिव्ह तेल ऐकून आमच्या माणसाचा चेहरा बंद होतो. मी पहिल्या दिवशी साखरेची बरणी, चमचा, स्टीलची वाटी आणि कॅन्टीनचा वजनकाटा घेऊन बसते. एकाला म्हणते, दादा, दिवसभरात चहा किती? सहा. पाळीत तीन, घरी दोन, टपरीवर एक. टाका मग प्रत्येक चहाची साखर वाटीत. तो मोजून बारा चमचे टाकतो. वजन केलं की साठ ग्रॅमच्या आसपास भरतं. महिन्याचं गणित तेच करतात, मी करत नाही: एक किलो आठशे. कोणीतरी मागून म्हणतं, अरे, रेशनला एवढी मिळत नाही! मग सगळे हसतात आणि तिथून बोलणं सुरू होतं.

पण त्याच दिवशी त्यांच्यातला एक विचारतोच, की कॅन्टीनचा चहा किटलीत साखर घालूनच येतो, आम्ही काय करायचं? हा प्रश्न तुमच्यासाठी आहे, साहेब. दोन किटल्या ठेवा, एक फिकी. फिकीवर «शुगरवाल्यांसाठी» असं काही लिहू नका. शेजारी साखरेचा डबा ठेवा, ज्याला हवी तो घालून घेईल. पंधरा दिवसांत निम्मे लोक एका चमच्यावर येतात, हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे. शिकवलेलं पाळायला जागाच नसेल तर माणूस वर्गाला पुन्हा कशाला येईल?

जेवणाबद्दल खानदेशात एक गैरसमज घट्ट आहे: ज्वारीची भाकरी शुगरला चालते, म्हणून कितीही चालते. आमच्याकडची भाकरी काही पुण्याच्या हॉटेलातली नसते. ऐंशी-शंभर ग्रॅम पिठाची एक, तिच्यात कर्बोदकं ५५ ते ७० ग्रॅम. अशा दोन डब्यात, वर घरून आणलेला भात. दादर ज्वारीची असली तरी पीठ ते पीठच. कळण्याच्या भाकरीत उडीद असतो, त्यामुळे प्रथिनं वाढतात, पोट लवकर भरतं, आणि नुसत्या ज्वारीपेक्षा ती बरी पडते. पण तीही एक खाऊन बघा, सोबत भाजी दुप्पट घ्या, असंच मी सांगते. भरीत मी कधीच बंद करत नाही. वांग्याने काही होत नाही. त्यावरचं तेल आणि सोबतच्या आठ पुऱ्या, हिशोब तिथे होतो. शेवभाजी आठवड्यातून एकदा, पाव नको. केळ्याबद्दल तर रावेर-यावलच्या माणसाला «बंद» म्हणणं म्हणजे त्याच्या बापाला नावं ठेवण्यासारखं आहे. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कर्बोदकं असतात, तर त्या जेवणाला भाकरी तेवढी कमी, एवढं त्याला पुरतं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमरस होणारच आहे. तो पुरणपोळीच्या जोडीला की एकट्याने, आणि वाटी केवढी, एवढंच ठरवायचं असतं.

हे सगळं मी मिळेल तेवढं अहिराणीत बोलते. माझी अहिराणी बागलाणी वळणाची आहे, अमळनेरची माणसं हसतात. हसू देत.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यावर घालवते ते पुस्तकात क्वचित सापडतं: पाळी आणि गोळी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, «सकाळी नाश्त्याआधी एक». रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येणाऱ्याची सकाळ कोणती? एकजण मला भेटला, ग्लिमेपिराइड नावाची शुगरची गोळी घ्यायचा. प्रामाणिक माणूस, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घरी आल्याआल्या गोळी घ्यायचा आणि तसाच झोपायचा. नाश्ता नाहीच, कारण झोप अनावर. अकराच्या सुमारास घामाने भिजून, थरथरत उठायचा. त्याला वाटायचं उन्हामुळे होतं. बायकोला वाटायचं, बाहेरचं काही लागलं. तीन महिने हे चाललं. अशा गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात अन्न असो वा नसो. नुसत्या मेटफॉर्मिनने, म्हणजे शुगरच्या दुसऱ्या नेहमीच्या गोळीने, सहसा असं होत नाही. त्याच्या डॉक्टरांशी बोलून गोळी घड्याळाऐवजी मुख्य जेवणाला बांधून घेतली, पाळी बदलायच्या दिवशी काय करायचं ते वेगळं लिहून घेतलं, आणि तो कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. डोस स्वतःहून कोणी बदलायचा नाही, हे प्रत्येक वर्गात सांगते. पण «डॉक्टर, माझी रात्रपाळी आहे, गोळी कधी घेऊ?» हे विचारायला शिकवावं लागतं. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात, आणि आपला माणूस तिथे विचारायला लाजतो. मी वर्गात दोघांना डॉक्टर आणि पेशंट करून ते वाक्य म्हणायला लावते. पोरखेळ वाटतो, पण चालतो. तुम्ही गटात हे सांगून बघा: ज्याला आपल्या गोळीचं नाव सांगता येईल त्याने हात वर करा. किती हात येतात ते बघाल, तेव्हा शिकवण्याची सुरुवात कुठून करायची ते तुम्हालाच कळेल.

सुपरवायझरना वेगळं बसवा, अर्धा तास पुरे. त्यांनी अडवलं तर तुमचं परिपत्रक कागदावर राहतं. त्यांना सुरक्षेच्या भाषेत कळतं. माणूस अचानक चिडचिड करतो, घाम फुटतो, हात कापतात, उत्तर धड देत नाही, म्हणजे पिऊन आला असं समजू नका. शुगर ७० च्या खाली गेलेली असू शकते. मशीनवरून बाजूला घ्या, तीन चमचे साखर पाण्यात किंवा १५ ग्रॅम ग्लुकोज द्या, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटत नसेल तर पुन्हा तेवढंच द्या, मग खायला घाला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, गाडी काढा. प्रत्येक लाइनच्या फर्स्ट एड पेटीत ग्लुकोजची पुडी असू द्या. एकदा एका सुपरवायझरने असा माणूस वाचवला की पुढे वर्गाला माणसं तोच पाठवतो, तुम्हाला सांगावं लागत नाही.

पायांचं एक सांगते. चटईच्या कारखान्यातला एक कामगार वर्गात सेफ्टी शूज काढायला तयार नव्हता, वास येतो म्हणून. सगळ्यांनी काढले तेव्हा त्यानेही काढला. मोजा नव्हता. तळव्याखाली, अंगठ्याजवळ, प्लॅस्टिकचा टोकदार तुकडा रुतून बसला होता, भोवती पांढरं पडलेलं. त्याला पत्ताच नव्हता. तो सकाळपासून त्यावर चालत होता, की दोन दिवसांपासून, हेही त्याला सांगता येईना. वर्गात जी शांतता पसरली ती माझ्या कुठल्याही चित्राने पसरली नसती. नसा बधिर झाल्या की दुखणं येत नाही, आणि दुखत नाही म्हणून बघणं होत नाही. तेव्हापासून प्रत्येक गटात बूट काढून तळवे बघणं होतं, हातातला आरसा फिरतो. सुती मोजे कंपनीने द्यावेत. लकी ड्रॉच्या मिक्सरपेक्षा स्वस्त पडतात.

इन्सुलिन घेणारे तुमच्याकडे थोडे असतील, पण मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो तेव्हा त्यांची बाटली मोटारसायकलच्या डिकीत असते. चालू बाटली साधारण महिनाभर बाहेर राहू शकते, पण तीस अंशांच्या खाली. डिकीत तिची ताकद जाते आणि माणूस म्हणतो, इन्सुलिन लागू पडत नाही. ऑफिसच्या फ्रिजमध्ये एक बंद डबा ठेवू द्या, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको, गोठलं की ते वाया जातं. घरी फ्रिज नसेल तर माठाची युक्ती चालते: ओल्या वाळूत छोटं मडकं, त्यात पिशवीत बाटली.

ठेकेदारीच्या कामगारांना वगळू नका. सगळ्यात जास्त गरज त्यांना, आणि सगळ्यात जास्त भीतीही त्यांनाच. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेत, येतात, औषधं तिथून मोफत मिळतात, पण ती आणायला रोज बुडवावा लागतो. महिन्यातून अर्धा दिवस पगारी सूट दिलीत तर गोळी खंडणार नाही. गोळी खंडलेल्या माणसाला शिकवणं हे माझ्यासाठीही व्यर्थ आहे.

घरच्यांना बोलवा. डबा जिच्या हातचा, तिला वगळून जेवणाचं काहीही बदलत नाही. तीन महिन्यांतून एकदा, सुट्टीच्या दिवशी, बायका-आयांसाठी वेगळा वर्ग ठेवा. तिथे पुरुषांना बोलू देऊ नका. एकदा एका काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं की हे डबा अर्धा परत आणतात आणि टपरीवर कचोरी खातात. त्या वर्गातलं बाकी काही मला आठवत नाही.

किती वर्ग घ्यायचे? अभ्यासांचे आढावे असं दाखवतात की एकूण दहा तासांच्या वर शिक्षण मिळालं तर तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, उतरण्याची शक्यता वाढते. सरासरी उतार अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर असतो. ऐकायला कमी, पण औषधाची एक गोळी वाढवून जे मिळतं त्याच्या आसपास जाणारं आहे हे. महिन्यातून दोनदा पाऊण तास धरलात तर सात महिन्यांत साडेदहा तास होतात. आणि एकदा शिकला म्हणजे झालं असं नसतं. निदान झाल्यावर, मग दरवर्षी, डोळा-पाय-किडनीची काही तक्रार निघाल्यावर, आणि आयुष्यात बदल झाल्यावर, जसं की पाळी बदलली, इन्सुलिन सुरू झालं, अशा चार वेळी पुन्हा शिकवणं लागतं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. ज्याच्या हातात नुकताच रिपोर्ट पडलाय तो सगळ्यात जास्त ऐकतो. त्याला पुढच्या बॅचची वाट बघायला लावू नका, त्याच आठवड्यात एकट्याला वीस मिनिटं द्या.

बक्षीस द्यायचंच असेल तर हजेरीला द्या, शुगर उतरवण्याला कधीच नाही. एका ठिकाणी सगळ्यात जास्त शुगर उतरवणाऱ्याला सायकल ठेवली होती. तपासणीआधी दोन दिवस माणसं उपाशी राहिली, एकाने गोळी दुप्पट घेतली. शिवाय उपाशीपोटीचा आकडा असा दोन दिवसांत पाडता येतो, एचबीए१सी येत नाही. ही लबाडी कळल्यावर भांडणं झाली. सक्तीबद्दल एवढंच सांगते की सक्तीने माणूस खुर्चीत येतो, तोंड उघडत नाही, आणि या वर्गात तोंड उघडणं हेच काम आहे.

वर्षाअखेरीस मालक विचारतील, फायदा काय झाला. तेव्हा किती जण शेवटपर्यंत टिकले, किती जणांनी डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन तपासून घेतलं, किती जणांच्या गोळ्या महिनाभर खंडल्या नाहीत, हे दाखवा. नावं नकोत. एचबीए१सीचा आकडा पूर्ण गटाचा मिळून एकच सांगा.

सुरुवात मे महिन्यात करू नका, आणि आखाजीच्या आठवड्यात तर नाहीच. पाऊस पडून पेरण्या आटोपल्या की पहिल्या पाळीचा एक गट घ्या, त्यात एक असा माणूस घाला ज्याचं बाकीचे ऐकतात, युनियनचा असला तर उत्तम. प्रोजेक्टर नको. बरणी, चमचा, वाटी, वजनकाटा आणि बूट ठेवायला जुनी चटई, एवढं तयार ठेवा. चहा फिका सांगा.